चिखलदऱ्याची कॉफी घरी दळायची तर : जातं घ्यावं की पातं?

पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची परतवाड्याच्या घाटात रांग लागते. चिखलदऱ्यावरून परत येताना कोणाच्या हातात रबडी असते, कोणाच्या मध, आणि आता बऱ्याच जणांच्या हातात कॉफीची पुडी. आपल्या जिल्ह्यात कॉफी पिकते हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं तर तो अजूनही हसतो. पण समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंचीवर, झाडांच्या सावलीत, इंग्रजांच्या काळापासून इथं कॉफीची झाडं आहेत. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात होते, त्यापुढं आपलं पीक मूठभरच. तरी ते आपलं आहे.

अडचण घरी आल्यावर सुरू होते. पुडी फोडली, दुधात टाकून उकळली, आणि घरचे म्हणतात, "ही तं कडू लागते बाप्पा, आपला चहाच बरा." पुडी मग फळीवर जाऊन बसते. दोष कॉफीचा असतोच असं नाही. पुष्कळदा दोष दळण्याचा असतो. म्हणून हा लेख कॉफी दळायच्या यंत्रावर. ते घ्यावं का, कोणतं घ्यावं, आणि हजारात भागतं तिथं सहा हजार का घालू नयेत, एवढंच सांगायचं आहे.

पूड नको, बिया घ्या

आधी एक गोष्ट पक्की करू. चिखलदऱ्यावरून आणा की ऑनलाइन मागवा, जमत असेल तर पूड घेऊ नका, भाजलेल्या अख्ख्या बिया घ्या.

पहिलं कारण चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, ते भाजून दळलं की दिसायला कॉफीसारखंच. ते विष नाही, दक्षिणेत लोक आवडीनं मिसळतात, त्यानं रंग गडद येतो आणि कॉफी दाट लागते. नियम असा आहे की कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात वजनानं किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे, आणि कोणती किती टक्के ते पाकिटावर लिहिलं पाहिजे. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पाकिटात ४९ ग्रॅम चिकोरी असली तरी ते कायद्यात बसतं. पाकिटावर छापलेलं असेल तर निदान वाचता येतं. सुट्या पुडीवर काहीच नसतं. त्यात किती काय आहे हे डोळ्यांनी ओळखणं आपल्यासारख्याचं काम नाही. अख्ख्या बीचं तसं नाही. तिच्या पोटावरची मधली चीर दिसते, फुटकी-जळकी दिसते, किडलेली असेल तर भोक दिसतं. तुरीचा दाणा जसा आपण हातावर घेऊन पाहतो तसाच हा प्रकार. डाळीचं पीठ झाल्यावर मग काय पाहणार?

दुसरं कारण वास. कॉफीची चव निम्म्याहून जास्त वासात असते आणि तो वास बीच्या आत तेलात धरलेला असतो. बी अख्खी असेल तर भाजल्यानंतर घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार आठवडे बरी राहते. दळली की हवा लागायला जागाच जागा, आणि काही दिवसांत उरतो तो नुसता कडूपणा. आपल्याकडं ताज्या कुटलेल्या तिखटाचा आणि वर्षभर डब्यात पडलेल्या तिखटाचा फरक बायकांना सांगावा लागत नाही. कॉफीत तो फरक वर्षाचा नसतो, आठवड्याचा असतो.

बिया घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का ते बघा. नुसत्या पॅकिंगच्या तारखेला फार अर्थ नाही.

जात्याचं तत्त्व

आता यंत्र. बाजारात कॉफी दळायची दोन जातीची यंत्रं आहेत. एकात पातं असतं, दुसऱ्यात जातं.

पात्याचं यंत्र म्हणजे आपला छोटा मिक्सरच. भांड्याच्या बुडाशी पातं, ते मिनिटाला हजारो फेरे घेतं आणि जो दाणा समोर येईल त्याला झोडपतं. एखादा दाणा दहा वेळा सापडतो आणि त्याची राख होते. दुसरा वरच्यावर उडत राहतो, त्याचे दोन तुकडे होतात आणि तसेच राहतात. झाकण उघडून पाहा, बुडाशी मैदा आणि वर कण्या.

आता त्यावर गरम पाणी टाकलं की काय होतं? मैद्यासारख्या भुकटीतून कडूपणा झटकन आणि नको तेवढा बाहेर येतो. मोठ्या तुकड्यातून पुरतं काहीच उतरत नाही, त्याची चव आंबट, पाणचट लागते. एकाच कपात कडूही आणि पाणचटही. घरचे तोंड वाकडं करतात ते यासाठी.

दुसरी जात म्हणजे जात्याची. आजीचं जातं आठवा. खालची तळी स्थिर, वरची फिरते, दाणा मधल्या तोंडातून जातो आणि दोन तळ्यांच्या मधून दळून कडेनं बाहेर पडतो. दोन तळ्यांमध्ये अंतर किती, त्यावर पीठ जाड की बारीक ते ठरतं. तूर भरडायची असली की वरची तळी थोडी उचलून धरायची सोय करत, म्हणजे दाणा फुटायचा पण पीठ व्हायचं नाही. कॉफीचं जात्याचं यंत्र हेच करतं. फक्त दगडाच्या सपाट तळ्यांच्या जागी एक दातेरी शंकू असतो आणि तो दातेरी कड्यात फिरतो. वरून बी आत ओढली जाते, आधी मोठे दात तिला फोडतात, मग खाली खाली बारीक दात दळतात. जेवढ्या फटीतून ती निघाली तेवढाच तिचा कण. फटीपेक्षा मोठा तुकडा खाली पडूच शकत नाही, आणि दळलेला कण पुन्हा पुन्हा झोडपला जात नाही.

या दातेरी भागाला इंग्रजीत 'बर' म्हणतात. मोबाइलवर शोधताना स्पेलिंग बी-यू-आर-आर असं टाका. नुसतं 'कॉफी ग्राइंडर' टाकलं की पहिल्या दहात निम्मी पात्याची यंत्रं येतील, कारण ती स्वस्त आहेत आणि जास्त खपतात. फोटोत आत डोकावून पाहा. पंख्यासारखं पातं दिसलं की पुढं सरका.

कोणी विचारेल, घरी जातं आहेच, त्यावरच दळलं तर? भरड निघेल, नाही असं नाही. पण दगडात आधीच्या दळणाचा वास मुरलेला असतो, आणि कॉफीचं तेल दगडात एकदा शिरलं की पुढचं बेसन कॉफीच्या वासाचं. घरघंटीत तर टाकूच नका, जाळीत तेलकट भुकटी बसते. आणि मसाल्याच्या कांडपावर नेली तर मिरचीची कॉफी मिळेल, ती पाहुण्याला द्या, परत येणार नाही.

किती जाड, किती बारीक

चक्कीवर दळण टाकताना आपण सांगतो ना, हे भाकरीचं आहे, बारीक काढ, हे लापशीचं आहे, भरड काढ. कॉफीचंही तसंच आहे. पाणी जेवढा वेळ भुकटीत राहणार, तेवढी भुकटी जाड पाहिजे.

दक्षिणी पद्धतीचं स्टीलचं फिल्टर, म्हणजे दोन मजली डबा, वरच्यात भुकटी आणि गरम पाणी, खालच्यात थेंब थेंब काढा. त्याला बारीक रव्यासारखं दळण लागतं. पिठासारखं केलं तर भोकं बुजतात आणि काढा उतरतच नाही, जाड ठेवलं तर पाणी सरसर निघून जातं. गॅसवर ठेवायच्या मोका पॉटलाही जवळपास तेवढंच, किंचित बारीक चालतं. दांड्यानं जाळी खाली दाबायचा काचेचा फ्रेंच प्रेस असेल तर लापशीच्या रव्यासारखं जाड. आपल्याकडं बहुतेक घरांत करतात तसं पातेल्यात उकळून गाळणीनं गाळायचं असेल, तर तेही जाडच ठेवा आणि उकळी आल्यावर लगेच गॅस बंद करून चार मिनिटं झाका. चहासारखी खळाखळा उकळली की कोणतीही महागाची कॉफी कडू होते, त्याला यंत्र काही करू शकत नाही. एक्सप्रेसोला मैद्याच्या जवळ जाणारं दळण लागतं. ते हाताच्या स्वस्त यंत्राचं काम नाही आणि आपल्या गावात एक्सप्रेसोचं मशीन कोणाकडं असेल तर त्यानं हा लेख सोडून द्यावा.

सगळ्यांना यंत्र लागत नाही

आधी हे सांगतो, कारण विकणारा सांगणार नाही. घरात बाटलीतली झटपट कॉफी चालत असेल तर ग्राइंडरचा काहीच संबंध नाही, ती आधीच काढा करून वाळवलेली असते. महिन्यातून चार वेळा पाहुणे आले की कॉफी होत असेल, तरी यंत्र नको. भाजणाऱ्याकडूनच शंभर ग्रॅम 'फिल्टरसाठी दळून द्या' असं सांगून घ्या आणि पंधरा दिवसांत संपवा.

आणि पैसे नसतील तर मिक्सर आहेच. चटणीचं छोटं भांडं कोरडं पुसून घ्या, दोन चमचे बिया टाका, सलग फिरवू नका. तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा तीन सेकंद. सात-आठ वेळा असं केलं की मैद्याच्या चाळणीनं चाळा. खाली पडलेली धूळ बाजूला काढा, वर राहिलेली भरड वापरा. थोडी नासाडी होते, पण चव निम्म्याच्या वर सुधारते. भांड्याला जिऱ्या-मिऱ्याचा वास असेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून काढा. मिक्सरला तांदळाचं काही होत नाही.

रोज दोन-तीन कप कॉफी होत असेल, एका वेळी वीस ग्रॅम लागत असेल, म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम, तर मात्र जात्याचं यंत्र घेण्यात पैसा वाया जात नाही.

हाताचं यंत्र : सिरॅमिक की पोलाद

गावासाठी माझं मत हाताच्या यंत्राकडं झुकतं. वीज लागत नाही, हे एक. सकाळी सहाला भारनियमन असलं तरी कॉफी होते. दुसरं, त्याच पैशात विजेच्या यंत्रापेक्षा हाताच्या यंत्रात दाते चांगले मिळतात, कारण मोटारीचा खर्च नसतो.

स्वस्तात, साधारण हजार-दीड हजाराच्या आसपास, जी मिळतात त्यांचे दाते सिरॅमिकचे असतात, म्हणजे चिनी मातीसारखे भाजलेले. गंजत नाहीत, लवकर झिजत नाहीत. पण दाते बोथटच असतात, बी कापत नाहीत तर चेचतात, आणि वीस ग्रॅमला दोन-तीन मिनिटं हात फिरवावा लागतो. जमिनीवर पडलं की कोपरा उडतो. यांचा खरा दोष मात्र वेगळाच आहे. बहुतेक स्वस्त यंत्रांत मधला दांडा फक्त वरून धरलेला असतो, खाली आधार नसतो. त्यामुळं शंकू फिरताना डुलतो. जात्याची खीळ सैल झाली की वरची तळी कशी कललेली फिरते आणि एका बाजूनं पीठ, दुसऱ्या बाजूनं कण्या पडतात, तसंच. बारीक दळताना शंकू कड्याच्या जवळ असतो म्हणून डुलायला जागा नसते. जाड दळायला फट वाढवली की डुलणं वाढतं.

यातून सरळ हिशेब निघतो. घरी दक्षिणी फिल्टर असेल तर हजार-दीड हजाराच्या सिरॅमिकमध्ये भागतं, जास्त घालू नका. फ्रेंच प्रेस किंवा पातेल्याची जाड कॉफी असेल तर तेच स्वस्त यंत्र दगा देतं. तिथं पोलादी दात्यांचं घ्या. साधारण तीन ते सहा हजारांत मिळतं. दांडा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये धरलेला असतो, दाते धारदार असतात, वीस ग्रॅम एका मिनिटाच्या आतबाहेर दळून होतात. टाइममोर या चिनी कंपनीचं सी-टू हे अडतीस मिलिमीटरच्या पोलादी दात्यांचं यंत्र या गटात पुष्कळ चालतं, एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम बी त्यात मावते. हेच घ्या असं माझं म्हणणं नाही, तुलना करायला एक माप असावं म्हणून नाव दिलं. भाव सणासुदीला खालीवर होतात, एक-दोन आठवडे नजर ठेवली तर फरक पडतो.

जाहिरातीत एक खोच असते, ती ओळखा. ठळक अक्षरात 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण स्टीलचं असतं ते बाहेरचं नळकांडं. दाते आत सिरॅमिकचेच. खाली माहितीत 'बर मटेरियल' काय लिहिलंय ते वाचा. लिहिलेलंच नसेल तर सिरॅमिक समजा. वाईट परीक्षणं आधी वाचा, पाच चांदण्यांची नंतर. 'दांडी निसटते', 'हँडल फिरतं पण दळत नाही' असं तीन-चार जणांनी लिहिलं असेल तर सोडून द्या.

जाड-बारीक करायची सोय कशी आहे तेही पाहा. एक चाकी असते, ती फिरवली की टक-टक वाजते. पूर्ण घट्ट आवळली की शून्य, तिथून किती टक मागं आलो ते मोजायचं. आपल्या फिल्टरला किती टक बरोबर बसतात ते एकदा ठरलं की डब्यावर लिहून ठेवा, म्हणजे घरात कोणीही दळलं तरी चव तीच. टक न वाजणारं, नुसतं सरकणारं चाक असेल तर ते दळता दळता आपोआप हलतं.

विजेचं कोणासाठी

चिखलदऱ्याला, सेमाडोहकडं, ज्यांनी घरात पाहुणे उतरवायला खोल्या काढल्या त्यांचा विचार वेगळा. सकाळी दहा माणसांची कॉफी म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम बी. हाताच्या यंत्रात ती पाच-सहा खेपांत दळावी लागेल, आणि तोवर पाहुणा चहा मागेल. इथं विजेचं जात्याचं यंत्र लागतं. यांची सुरुवातच साधारण पाच-सहा हजारांच्या पुढं होते. दोन-अडीच हजारात 'इलेक्ट्रिक' दिसलं तर ते बहुतेक पात्याचं असतं, किंवा चार्जिंगवरचं लहान सिरॅमिक. ते घरच्या दोन कपांना ठीक, धंद्याला नाही. आणि व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात मोटार जळण्याची भीती आहेच, त्यामुळं दुरुस्ती कुठं होते, सुटे दाते मिळतात का, हे आधी विचारा. 'सर्व्हिस सेंटर मुंबई' असं उत्तर आलं तर येण्या-जाण्याचा कुरिअरचा खर्चही किमतीत धरा.

अशा घरांना एक सांगणं. पाहुण्यासमोर इथलीच बी दळून दिली की तो जाताना पाकीट मागतो. तेव्हा दळून दिलेल्या पुडीपेक्षा अख्खी बी द्या आणि भाजल्याची तारीख लिहा. घरी जाऊन त्याची कॉफी चांगली झाली तर तो पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मागेल.

घरी आल्यावर तपासणी

पार्सल आलं की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. ठेवून देऊ नका. पिन कोडप्रमाणं मुदत आणि परतीची सोय बदलते, काही गावांतून माल उचलायला कोणी येत नाही, ते मागवतानाच बघा.

आधी रिकाम्या यंत्राची दांडी धरून शंकू बोटानं डावी-उजवीकडं हलवून पाहा. थोडंसं हलणं चालतं, खुळखुळा वाजत असेल तर परत. मग दोन चमचे बी दळा आणि काळ्या ताटलीत पसरा. नुसत्या डोळ्यांनी धूळ आणि तुकडे वेगळे दिसत असतील तर यंत्र चांगलं नाही. मैद्याच्या चाळणीचीही परीक्षा घेता येते. जाडसर दळून चाळा. चिमूटभर खाली पडणारच, ते प्रत्येक यंत्रात होतं. पण वाटीतली पाव वाटी खाली पडली तर मिक्सर काय वाईट होता?

आपल्याकडच्या बीसाठी आणखी एक काळजी. बागेतली कॉफी उन्हात पसरून वाळवतात, आणि खळ्यावरच्या मालात खडा येतो हे कास्तकाराला सांगायला नको. एका खड्यानं सिरॅमिकचा दात उडतो, पोलादाची धार मोडते. तांदूळ निवडतो तशी बी ताटात निवडून मगच टाका. दुकानात कधी कधी हिरवट, कच्ची बीही मिळते. ती न भाजता दळायला जाऊ नका, ती दगडासारखी असते, दांडी वाकेल. कच्ची घेतलीच तर लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजा. फुटाण्यासारखी तडतड सुरू होऊन थांबली की उतरवा, सुपात पाखडून टरफल उडवा आणि एक दिवस ठेवून मग दळा. घरात धूर होतो, म्हणून अंगणातल्या चुलीवर.

अकोल्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की भुकटी यंत्राला आतून चिकटून बसते आणि झटकली की अंगभर उडते. दळण्याआधी बीवर बोटानं पाण्याचा एक थेंब शिंपडून हलवून घ्या, चिकटणं थांबतं. एकच थेंब, जास्त नाही. पावसाळ्यात उलटं, तेव्हा बी डब्यातून लागेल तेवढीच काढा आणि झाकण लगेच लावा.

यंत्र पाण्यानं धुऊ नका, पोलादी असेल तर मुळीच नाही. आठवड्यातून एकदा उघडून कोरड्या ब्रशनं झाडा, जुना दातांचा ब्रशही चालतो. तांदूळ दळून साफ करायची युक्ती व्हिडिओत दाखवतात, ती मिक्सरपुरती ठेवा. कच्चा तांदूळ भाजलेल्या बीपेक्षा कडक असतो, छोट्या यंत्राच्या दात्यांना तो झेपत नाही. खोलून पुन्हा बसवताना वायसर आणि स्प्रिंग कोणत्या क्रमानं निघाले त्याचा मोबाइलवर आधी एक फोटो काढून ठेवा.